हाडांचा कर्करोग आणि घरच्या खाटेवरील दिवस

हाडांच्या कर्करोगावरील उपचार मोठ्या रुग्णालयात होतात. परंतु त्या उपचारांतून उद्भवणारे उपद्रव बहुधा रुग्ण घरी परतल्यानंतर, तो आपल्याच खाटेवर पडलेला असताना, आई किंवा पत्नी उशाशी आणि डॉक्टर कित्येक कोस दूर, अशा अवस्थेत प्रकट होतात. केमोथेरपीचे एक आवर्तन साधारणपणे तीन आठवड्यांचे असते. त्यांपैकी औषध शिरेतून देण्यात तीन-चार दिवस जातात, आणि उरलेले दिवस वर्धा जिल्ह्यातल्या अल्लीपूरसारख्या गावातल्या कुटुंबाला स्वतःच्या समजुतीवर काढावे लागतात. या दिवसांत कशावर नजर ठेवावी, कशाला भिऊ नये आणि कोणत्या प्रसंगी उजाडण्याचीही वाट न पाहता गाडी काढावी, हे ज्या घराला आधीपासून ठाऊक असते त्या घरातल्या रुग्णाचा उपचार खंड न पडता पुरा होण्याची शक्यता अधिक. आणि ज्या रोगात उपचार वेळेवर पुरा होणे ही यशाची पहिली अट आहे, त्या रोगात उपद्रवांची माहिती ही केवळ डॉक्टरांची बाब राहत नाही, ती घरच्यांचीही होते, असे माझे ठाम मत आहे.

हाडातच ज्यांचा उगम होतो असे कर्करोग विरळ आहेत. त्यांतला ऑस्टिओसार्कोमा हा प्रामुख्याने दहा ते वीस या वाढीच्या वयात, गुडघ्याच्या आसपास म्हणजे मांडीच्या हाडाच्या खालच्या किंवा नडगीच्या वरच्या टोकाशी, आणि त्याखालोखाल खांद्याजवळ होतो. युइंग सार्कोमा हा मुलांत व तरुणांत कमरेच्या हाडात, बरगडीत किंवा लांब हाडाच्या मध्यभागी आढळतो आणि कधीकधी ताप घेऊन येत असल्यामुळे हाडात पू झाल्याचा भास निर्माण करतो. काँड्रोसार्कोमा हा प्रौढांचा, बहुतांशी केमोथेरपीला व किरणांना दाद न देणारा, आणि म्हणून मुख्यतः शस्त्रक्रियेनेच काढावा लागणारा. याहून कितीतरी अधिक कुटुंबांच्या वाट्याला येतो तो दुसऱ्या अवयवातून हाडात पसरलेला कर्करोग, ज्याचे मूळ स्तनात, फुप्फुसात, प्रोस्टेट ग्रंथीत, मूत्रपिंडात किंवा थायरॉइडमध्ये असते. मूळ कोठेही असो, हाड पोखरले गेल्यावर ओढवणारी संकटे पुष्कळशी सारखी असल्यामुळे पुढील विवेचन दोन्ही प्रकारच्या रुग्णांना लागू पडावे.

पहिला उपद्रव उपचारापूर्वीच घडतो, आणि तो रोगाने केलेला नसतो. पोराचा गुडघा दुखतो, शाळेत पडल्याची आठवण निघते, तेल लावून चोळणे सुरू होते, मग हाडवैद्याकडे नेऊन पट्टी बांधली जाते, आणि दोन महिन्यांनी सूज एवढी वाढते की पाय टेकवेना. पडल्यामुळे कर्करोग होत नाही. पडल्याचे निमित्त होऊन आधीपासून असलेली गाठ नजरेस येते, एवढेच. कर्करोगाची गाठ चोळू नये, तीवर गरम लेप, डाग किंवा घट्ट पट्टी बांधू नये. पोखरलेले हाड अशा जोराने मोडू शकते, आणि मोडलेल्या हाडातून रक्तस्रावाबरोबर रोगाच्या पेशी आसपासच्या मांसात पसरतात. वाढत्या वयातील मुलाचे एकाच जागचे दुखणे तीन आठवड्यांवर टिकले, रात्री झोपेतून उठवू लागले किंवा त्या जागी टणक सूज दिसू लागली, तर दोन बाजूंनी एक्स-रे काढणे एवढीच गोष्ट तूर्त पुरे. आणि त्या एक्स-रेत काही संशयास्पद दिसले तर मात्र पुढले पाऊल फार जपून टाकावे लागते.

ते पाऊल म्हणजे बायोप्सी, म्हणजेच गाठीचा तुकडा काढून तपासणे. तुकडा काढल्याने रोग पसरतो अशी एक दृढ समजूत आपल्याकडे आहे, आणि तिच्यापायी किती घरांनी महिने घालविले याची गणतीच नाही. योग्य हातांनी सुईने घेतलेल्या तुकड्याने बरा होणारा रोग बिघडत नाही. बिघडतो तो चुकीच्या जागेतून, आडवा छेद देऊन, पुढील शस्त्रक्रियेचा विचार न करता घेतलेल्या तुकड्याने, कारण सुई ज्या वाटेने गेली ती सारी वाट पुढे गाठीबरोबर काढून टाकावी लागते. म्हणून जेथे मुख्य शस्त्रक्रिया व्हायची तेथेच, त्याच शल्यचिकित्सकांच्या सल्ल्याने बायोप्सी करावी. आणखी एक सूचना अत्यंत महत्त्वाची: किरकोळ आघाताने हाड मोडले, एक्स-रेत मोडलेल्या जागी हाड पोखरलेले दिसले, तर निदान होण्याआधी त्यात सळई घालू देऊ नये, सळई घालताना गाठीतल्या पेशी हाडाच्या पोकळीभर पसरतात आणि एरवी वाचू शकणारा पाय गमावण्याची पाळी येते.

आपल्या भागातील लोकांना जाण्यायोग्य ठिकाणांची उणीव नाही. डॉ. सुशीला नायर यांच्या प्रयत्नांतून १९६९ साली सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली, आणि तिच्या कस्तुरबा रुग्णालयाने खेड्यांतून ज्वारीच्या रूपात वर्गणी घेऊन आरोग्यविमा चालविला, हे जुन्या मंडळींना स्मरत असेल. वर्ध्याजवळच सावंगी मेघे येथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आहे. हिंगणघाट, जाम, बुटीबोरी या वाटेने नागपूरकडे निघाले की शहराच्या अलीकडेच जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था लागते. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून आहेच. तेथील अस्थिकर्करोग विभागाने आपल्या परिस्थितीला साजेशी एक उपचारपद्धती रूढ केली, जिच्यात पाश्चात्त्य देशांत वापरले जाणारे व सतत रक्तपातळी मोजत राहावे लागणारे मेथोट्रेक्सेट वगळून डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन व आयफॉस्फमाइड ही तीन औषधे दिली जातात. मुंबईस मुक्काम पडला तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कर्करुग्णांना आसरा देते. विदर्भातल्या शेंडगावी जन्मलेल्या त्या संताच्या नावाची वास्तू वऱ्हाडी-नागपुरी माणसाला परकी वाटू नये.

दप्तरी कारभाराची तजवीज पहिल्या आठवड्यातच करावी, कारण पैशाअभावी मध्येच थांबलेली केमोथेरपी हाही एक उपद्रवच आहे आणि तो औषधांपेक्षा अधिक रुग्णांचा घात करतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना ही पूर्वी पिवळ्या व केशरी शिधापत्रिकांना आणि वर्ध्यासह चौदा आपद्‌ग्रस्त जिल्ह्यांतील पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांना सातबाऱ्याच्या आधारावर लागू होती. २०२३ साली तिची व्याप्ती राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत व वार्षिक मर्यादा पाच लाख रुपयांपर्यंत वाढविण्याचा निर्णय झाला. रुग्णालय अंगीकृत आहे की नाही आणि आपला उपचार तिथल्या मंजूर यादीत बसतो की नाही, याची खातरजमा तेथील आरोग्यमित्राकडून भरती होण्याआधी करून घ्यावी. शिधापत्रिका, आधार, सातबारा यांच्या प्रती एका पिशवीत कायम ठेवाव्यात. उपचारासाठी व तपासणीसाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णास रेल्वेत शयनयान व वातानुकूलित तृतीय श्रेणीचे भाडे पडत नाही, सोबत्यास त्याच श्रेणींत तीन चतुर्थांश सूट मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा विहित नमुन्यातील दाखला लागतो, तो पहिल्याच भेटीत मागून घ्यावा.

उपचार आरंभण्यापूर्वी तीन गोष्टींबद्दल संकोच सोडून विचारावे. पहिली, संतती. ही औषधे पुरुषांच्या शुक्राणूंवर व स्त्रियांच्या अंडाशयावर परिणाम करतात. वयात आलेल्या मुलाचे शुक्राणू पहिल्या केमोथेरपीपूर्वी गोठवून ठेवता येतात, पण ती संधी पहिले सलाईन लागण्यापूर्वीचीच असते, आणि सोळा-सतरा वर्षांच्या पोरासमोर हा विषय कसा काढावा या लाजेपायी ती हातची जाते. बापाने किंवा मामाने डॉक्टरांना एकांतात विचारावे. मुलींसाठी काय करता येईल तेही विचारावे. दुसरी, हृदय व कान: डॉक्सोरुबिसिन हृदयाच्या स्नायूंना आणि सिस्प्लॅटिन ऐकू येण्याच्या शक्तीला इजा करू शकते, म्हणून इकोची व श्रवणाची मूळ नोंद आधी करून घेतलेली बरी. तिसरी, दात, तिचे कारण पुढे येईल.

आता ज्या एका उपद्रवावर मला सर्वांत अधिक लिहावेसे वाटते त्याकडे वळतो. केमोथेरपीनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान रक्तातील पांढऱ्या पेशी तळाला जातात, आणि त्या दिवसांत आलेला ताप हा साधा ताप नसतो. निरोगी माणसाच्या जखमेत जो पू होतो, सूज येते, लाली दिसते, ते सारे पांढऱ्या पेशींचे काम. त्या पेशीच नसल्यावर जंतू रक्तात शिरले तरी बाहेर काही दिसत नाही, केवळ अंग किंचित तापते, आणि काही तासांत रक्तदाब कोसळतो. म्हणून तापमापकावर १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस, एवढा आकडा दिसला, किंवा आकडा कमी असूनही थंडी वाजून हुडहुडी भरली, तर ती रात्रीची दोनची वेळ असली तरी रुग्णाला हलवावे. घरातील पॅरासिटामॉलची गोळी देऊन सकाळपर्यंत पाहू असे म्हणू नये, कारण गोळीने आकडा उतरतो आणि जंतू वाढतच राहतात; गावातल्या डॉक्टरांकडून एक सुई टोचून घेऊन परत येऊ असेही म्हणू नये.

कोठे न्यावे, हा प्रश्न ताप आल्यावर नव्हे, घरी आल्याच्या पहिल्याच दिवशी सोडवून ठेवावा. जेथे रक्ताची तपासणी तासाभरात होते आणि शिरेतून प्रतिजैविक देता येते असे सर्वांत जवळचे ठिकाण कोणते, हे आपल्या कर्करोगतज्ज्ञांना विचारून कागदावर लिहून घ्यावे. अल्लीपूरकरांस ते हिंगणघाटचे उपजिल्हा रुग्णालय असेल किंवा सरळ सेवाग्राम अथवा सावंगी असेल. गाडीवाल्याचा क्रमांक, रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक, केमोथेरपीचे कार्ड, शेवटचा रक्ततपासणीचा कागद आणि दोन कपडे अशी पिशवी दाराजवळच्या खुंटीवर टांगलेली असावी. रुग्णालयात पोहोचताच, रांगेत बसण्यापूर्वी, परिचारिकेला एकच वाक्य सांगावे: ‘केमो होऊन नऊ दिवस झाले आहेत आणि ताप आला आहे.’ हे वाक्य ऐकल्यावर जाणत्या विभागात पहिले प्रतिजैविक तासाभरात दिले जाते, आणि या तासाची किंमत फार मोठी आहे. गुदद्वारातून तापमान मोजणे किंवा एनिमा देणे या काळात वर्ज्य समजावे.

दंडातून किंवा छातीतून औषधासाठी नळी अथवा पोर्ट बसविलेला असेल तर ती नळी धुण्याची मुदत चुकवू नये आणि ते काम शिकलेल्या हातांनीच व्हावे. नळी धुतल्यानंतर थोड्याच वेळात थंडी-ताप आला तर जंतू नळीतच आहेत असे समजावे, आणि त्या बाजूचा हात सुजला तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घ्यावी. उन्हाळ्यात आपल्याकडे घरोघरी कूलर लागतात. त्याचे साचलेले पाणी आणि कुजलेल्या ताट्या बुरशीचे घर असतात, तेव्हा रुग्णाच्या खोलीतील कूलरच्या ताट्या नव्या घालाव्यात, पाणी रोज बदलावे, आणि पेशी अगदी कमी असण्याच्या दिवसांत तो बंद ठेवून पंख्यावर भागवता आले तर उत्तम. पाणी उकळलेले, जेवण ताजे व गरम, फळे सोलून खाण्याजोगी. रस्त्यावरचा उसाचा रस आणि बर्फाचा गोळा यांना उपचारांच्या या सहा-आठ महिन्यांत फाटा द्यावा.

वैशाखातले वर्ध्याचे ऊन हे सिस्प्लॅटिन व आयफॉस्फमाइड घेणाऱ्या मूत्रपिंडांना विशेष वैरी आहे, कारण पारा पंचेचाळिसाच्या वर जातो तेव्हा निरोगी माणसाचेही पाणी आटते, मग ज्याला उलट्यांनी पाण्याचा घोट ठरत नाही त्याची काय कथा! लघवी किती वेळा झाली व तिचा रंग कसा आहे याची वहीत नोंद ठेवावी. आठ-दहा तास लघवी न होणे, किंवा दिवसभर पाणी न ठरणे, हे सलाईनसाठी भरती होण्याचे कारण होय. या काळात अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन यांची गोळी वा सुई आपल्या मनाने घेऊ नये; ती मूत्रपिंडांवर आघात करते आणि रक्त गोठण्याच्या क्रियेतही आडवी येते. प्लेटलेट कमी असताना हिरड्यांतून रक्त, अंगावर लाल-जांभळे ठिपके, नाकाचा घोळणा, स्त्रियांना पाळीत अति रक्तस्राव, यांपैकी काहीही दिसले तरी त्याच दिवशी रक्त तपासावे.

लघवीविषयी एक बारकावा घरच्यांना उपयोगी पडेल. डॉक्सोरुबिसिन हे औषधच लाल रंगाचे असल्याने ते दिल्यानंतर एक-दोन दिवस लघवी तांबूस येते, ती दुखत नाही आणि आपोआप निवळते. त्याचे भय नको. परंतु आयफॉस्फमाइडनंतर लघवीला जळजळ होऊन रक्त आले किंवा गुठळ्या पडल्या, तर मूत्राशयाच्या अस्तराला इजा झाली आहे, आणि त्यावर उपाय करण्यासाठी ताबडतोब कळविले पाहिजे. याच आयफॉस्फमाइडचा दुसरा उपद्रव असा विलक्षण आहे की तो पाहून शहाणी माणसेही गडबडतात: औषध चालू असताना किंवा त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत रुग्ण असंबद्ध बोलू लागतो, नसलेल्या वस्तू त्याला दिसतात, कधी गुंगीत जातो. अशा वेळी कोणी बाहेरची बाधा म्हणतो, कोणी अंगारा लावतो. ही मेंदूवर झालेली औषधाची क्रिया आहे. ते सलाईन थांबविल्यावर बहुधा ती ओसरते, आणि म्हणून बडबड सुरू होताच परिचारिकेला इतल्ला देणे हेच त्यावरचे पहिले औषध.

शस्त्रक्रियेकडे येऊ. पूर्वी ऑस्टिओसार्कोमा म्हटला की पाय मुळातून कापणे हाच मार्ग होता, आणि तेवढ्यावर थांबलेल्या रुग्णांपैकी बहुसंख्य पुढे फुप्फुसातील गाठींनी दगावत. १९७० च्या दशकात केमोथेरपीची जोड मिळाल्यापासून, रोग एकाच जागी मर्यादित असताना सापडलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक बरे होऊ लागले आणि बहुतेकांचा पायही वाचू लागला. गाठीसह हाड काढून त्या जागी धातूचा सांधा बसवितात. तो आता आपल्या देशातही तयार होतो. या सांध्याचा मोठा शत्रू जंतुसंसर्ग, आणि तो शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्यातच येतो असे नाही, पाच वर्षांनीही येतो. किडलेला दात, पायाला झालेले गळू, शेतात अनवाणी चालताना रुतलेला काटा, यांतले जंतू रक्तावाटे धातूपर्यंत पोहोचू शकतात. तेव्हा त्या पायात रुतलेल्या काट्याकडेही दुर्लक्ष करू नये, त्या मांडीत सुई टोचून घेऊ नये, आणि सांध्याजवळ फुगवटा आला तर तो गावात कोणाकडून फोडून घेऊ नये. जखमेतून पाणी वाहू लागणे, सांधा गरम लागणे, नव्याने दुखू लागणे, ही त्या शल्यचिकित्सकांनाच दाखविण्याची लक्षणे आहेत.

असा गुडघा बसविलेल्या माणसाच्या दिनक्रमात काही पालट अपरिहार्य असतो. उकिडवे बसणे, मांडी घालून पंगतीला बसणे, झाडावर चढणे, पोते उचलणे, ही कामे सांध्याला सोसत नाहीत; शौचासाठी खुर्चीवजा कमोड घरात आधीच करून घ्यावा आणि जेवायला पाट नव्हे, टेबल मांडावे. सांध्याचे भाग झिजतात, सैल होतात, क्वचित मोडतात, म्हणून तरुण रुग्णाला आयुष्यात पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते हे आरंभीच समजून घेतलेले बरे. पाऊल वर उचलता येत नसेल तर ती मज्जातंतूची इजा. पट्टा लावून व व्यायामाने पुष्कळ सुधारणा होते. व्यायामास कंटाळून पाय उशीवर वाकवून ठेवला तर तो तसाच आखडतो.

पाय कापावाच लागला तर तो पराभव मानू नये. ज्या गाठीने मुख्य रक्तवाहिनी व मज्जातंतू वेढले आहेत ती अर्धवट काढून पाय राखण्यापेक्षा पाय देऊन रोग मुळासह काढणे हा शहाणा निर्णय असतो, आणि तो सांगणाऱ्या डॉक्टरांवर रागावून दुसरीकडे धाव घेण्यात अमूल्य आठवडे जातात. कापलेल्या पायाची बोटे दुखतात, खाज सुटते, पाऊल पिरगळल्यासारखे वाटते. हे भ्रमिष्टपणाचे लक्षण नव्हे, मेंदूत त्या पायाचा नकाशा शिल्लक असतो, आणि त्यासाठी स्वतंत्र औषधे व आरशापुढील व्यायाम आहेत, तेव्हा रुग्णाने ते लाजून लपवू नये. उरलेल्या भागाखाली उशी देऊ नये; दिवसातून काही वेळ पालथे झोपावे, त्यामुळे कमरेचा सांधा आखडत नाही. तो भाग रोज रात्री हातआरशात मागून-पुढून पाहावा, कारण कृत्रिम पायाचा घासा पाठीमागच्या बाजूस लागतो आणि डोळ्यांना दिसत नाही. तांबडी जागा दुसऱ्या दिवशीही राहिली तर पाय लावणे थांबवून तो नीट बसवून घ्यावा. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राचा अर्ज वेळेत करावा. शाळकरी मुलास परीक्षेत जादा वेळ व इतर सवलती त्यावरच मिळतात.

किरणोपचारांविषयी थोडक्यात. ज्याला आपल्याकडे ‘शेक’ म्हणतात त्याने कातडी काळवंडते, सोलते; तीवर हळद, तूप, लेप काही न लावता डॉक्टरांनी दिलेलेच मलम लावावे, सैल सुती कपडा वापरावा. शेक दिलेले हाड पुढे ठिसूळ राहते, वाढत्या मुलात त्याची वाढ खुंटते, आणि क्वचित अनेक वर्षांनी त्याच जागी दुसरी गाठ उद्भवू शकते. म्हणून त्या जागेचे नवे दुखणे कधीही जुने समजून सोडू नये.

दुसरीकडून हाडात पसरलेल्या रोगात दोन प्रसंग तातडीचे आहेत. पाठीचे दुखणे वाढत जाऊन पायांत मुंग्या, बधिरता, लटपट सुरू झाली किंवा लघवी अडली, तर मणक्यातील रज्जूवर दाब आला आहे. उपचार सुरू होताना रुग्ण चालता असेल तर पुढे चालत राहण्याची आशा पुष्कळ, पण पाय पूर्ण लुळे पडल्यावर ते परत येणे दुर्मिळ. हा तासांचा प्रश्न आहे, दिवसांचा नव्हे. दुसरा प्रसंग रक्तातील कॅल्शियम वाढण्याचा: अतोनात तहान, वारंवार लघवी, मलावरोध, मळमळ, मग गुंगी. म्हातारपण किंवा उन्हाळा म्हणून हे नजरेआड होते, आणि रक्ताच्या एका साध्या तपासणीने ते उघड होते. अशा रुग्णांच्या हाडांना बळकटी येण्यासाठी झोलेड्रॉनिक ॲसिड किंवा डिनोसुमॅब देतात; ही औषधे चालू असताना दात उपटला तर जबड्याचे हाड भरून न येता उघडे पडून सडू शकते. आपल्या भागात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने हिरड्या-दात कुजलेले रुग्ण थोडे नाहीत. त्यांनी पहिल्या मात्रेपूर्वी दंतवैद्याकडून काढायचे ते दात काढून, जखम भरून घ्यावी, आणि खर्रा त्या दिवशीच सोडावा. या औषधांबरोबर कॅल्शियम व ड जीवनसत्त्व घ्यायचे की नाही हेही विचारूनच ठरवावे.

वेदना सोसणे हे शौर्य नव्हे. हाडाच्या तीव्र दुखण्यावर तोंडाने घ्यायचे मॉर्फिन हे जुने, स्वस्त आणि भरवशाचे औषध आहे. १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यामुळे ते मिळण्यात ज्या अडचणी होत्या त्या २०१४ च्या दुरुस्तीने पुष्कळ कमी झाल्या आहेत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतलेल्या मॉर्फिनचे व्यसन लागण्याची भीती अवास्तव आहे. बद्धकोष्ठ मात्र हमखास होते, म्हणून पहिल्या गोळीबरोबरच रेचक सुरू करावे. अनेक रुग्णांत एकाच दिवशी दिलेल्या किरणांच्या एका मात्रेनेही दुखणे बरेच उतरते; उपशामक विभागाकडे पाठविले याचा अर्थ डॉक्टरांनी हात टेकले असा करून घेऊ नये.

उपचार संपल्यावर कुटुंब सुस्कारा टाकते, आणि नेमकी तेव्हाच गफलत होते. कॅनडाच्या टेरी फॉक्सचा उजवा पाय ऑस्टिओसार्कोमामुळे १९७७ साली कापला गेला. १९८० मध्ये कृत्रिम पायावर तो देश ओलांडण्यास धावत निघाला, १४३ दिवस धावला, आणि थांबला तो पाय थकला म्हणून नव्हे, तर रोग फुप्फुसात उतरला म्हणून. पुढल्या वर्षी, बाविसाव्या वर्षी, तो गेला. हा रोग परततो तेव्हा बहुधा फुप्फुसातच परततो, आणि आरंभी त्याचा खोकलाही नसतो. म्हणूनच पहिली दोन-तीन वर्षे दर तीन-चार महिन्यांनी, त्यानंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी, आणि पुढे वर्षातून एकदा तपासणीस बोलावतात, छातीची छायाचित्रे काढतात, हृदयाचा इको अधूनमधून पाहतात. बऱ्या झालेल्या मुलीच्या पहिल्या बाळंतपणाआधी तर तो इको अवश्य करून घ्यावा. तपासणीची तारीख कापसाच्या वेचणीत आली, सोयाबीनच्या मळणीत आली, घरच्या लग्नात आली, तरी कृपा करून पुढे ढकलू नका. फुप्फुसात एखाद-दुसरी गाठ लहान असताना सापडली तर ती शस्त्रक्रियेने काढता येते, आणि तशी काढल्यानंतर कित्येक वर्षे निरोगी राहिलेले रुग्ण आहेत.